पांढऱ्या झग्यांमधला चौकटीचा शर्ट

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस आले की आमच्या नाशिकच्या चर्चच्या ऑफिसात माझी धावपळ सुरू होते. उपासनेचा कार्यक्रम छापायचा, ईस्टरचा फलक रंगवायचा, संडेस्कूलच्या नाटकासाठी थडगं तयार करायचं (यंदा फ्रिजच्या खोक्याचं). चर्चमध्ये नोकरी करते म्हटल्यावर लोकांना वाटतं, ही दिवसभर गुडघे टेकून बसत असेल. खरं सांगायचं तर देवाचं नाव मी इतक्या वेळा टाइप करते, की त्याला हाक मारायचं राहूनच जातं. चित्रांचंही तेच झालं होतं. कबूतर, क्रूस, पुन्हा कबूतर. स्वतःचाच कंटाळा आला होता मला.

अशात वऱ्हाडातल्या एका पाळकसाहेबांचा, म्हणजे तिथल्या चर्चच्या पाद्र्यांचा, फोन आला. त्यांच्या चर्चमधल्या भिंतीवरच्या चित्राला ओल लागली होती आणि ईस्टरच्या आत ते दुरुस्त करून हवं होतं. त्यांचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हणून टाकलं. रजेचं नंतर बघू!

गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे, शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांच्या बाजूबाजूने गेलं की लागतं, एवढं पुरे. ज्यांना हे रूळ बघायची हौस आहे त्यांनी मार्चच्या आधी जावं. नंतरचं ऊन आपल्यासारख्यांचं काम नाही.

सकाळी मूर्तिजापूरला उतरले. हातात कुंचल्यांची नळकांडी, रंगांच्या बाटल्या आणि पुसायला घरातल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या. स्टेशनबाहेरच्या टपरीवर आलूबोंडा घेतला, वर गरम कढी ओतून. हा प्रकार चुकवू नका. बाकावर शेजारी एक माणूस चहा पीत बसला होता. दाढीत पांढरे केस, डोळे कुठेतरी एका जागी खिळलेले. मी चित्रं काढते, त्यामुळे माणसाचा चेहरा माझ्या लक्षात राहतो, बाकी काही राहत नाही. घरचे यावरून मला कायम चिडवतात.

“चर्चच्या कामाले चालल्या का?” त्याने विचारलं.

मी दचकले. मग आठवलं, माझ्या पिशवीवर आमच्या चर्चचं नाव छापलेलं आहे. हो म्हटलं.

“दुपारी लय तापते तिथं. खिडकी उघडी ठेवजा,” तो म्हणाला. चहा संपवून तो रुळांच्या बाजूला चालू लागला. तिकडून तर आता कुठलीच गाडी जात नाही, असं माझ्या मनात आलं आणि तेवढ्यात शेअर ऑटोवाल्याने हाक मारली.

ऑटोत माझ्या मांडीवर अर्धी टोपली झेंडूची होती. ती ज्यांची होती त्या बाई बाजाराला निघाल्या होत्या.

“डोयेवाल्या देवळात चालल्या का तुमी?”

“डोळेवालं?”

“मी गेलती ना एकडाव, मैतरणीच्या पोरीच्या लग्नाले. पार मांगं बसली होती मी. तरी बी सारे मलेच पाहून राहिले होते.” त्या हसल्या नाहीत, त्यामुळे मलाही हसता आलं नाही.

दुपारी एकटीनेच चर्चचं दार लोटलं आणि त्यांचं म्हणणं पटलं. पुलपिटच्या, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्याच्या, मागची सगळी भिंत माणसांनी भरलेली. पांढरे झगे घातलेला, बायबलात सांगितलेला स्वर्गातला तो मोठा समुदाय. पण चेहरे स्वर्गातले नव्हते. फेटेवाला म्हातारा, जाड चष्म्याची मास्तरीण, पुढचा दात पडलेली पोर. कुणीच वर देवाकडे बघत नव्हतं. सगळे दाराकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होते. मी चपला बाहेर काढून आले होते, तरी आपल्या पावलांचा फार आवाज होतोय असं वाटत राहिलं. शेवटच्या ओळीत काही झगे नुसतेच होते. वर चेहरा नाही, कोरा चुना.

पाळकसाहेब आले आणि त्यांनी रीत समजावून सांगितली. चर्चच्या मंडळीतलं कुणी वारलं की पुढच्या ईस्टरला एका कोऱ्या झग्यावर त्याचा चेहरा काढतात. डोळे सगळ्यांत शेवटी. त्या वेळी घरचे समोर उभे राहून मोठ्यानं नाव घेतात. इथे फक्त मेलेल्यांचे चेहरे असतात.

“चेहरा हाय तिथं दुरुस्त करा, ताई. कोऱ्याले हात लावू नका,” ते म्हणाले.

त्यांच्या पत्नीने, पाळकबाईंनी, पोपडे उडालेल्या प्रत्येक चेहऱ्याखाली घरच्यांकडून आणलेला फोटो टेकवून ठेवला. जाताजाता भिंतीवरच्या एका म्हातारीकडे बघून म्हणाल्या, “येतो बरं मावशी.” मला वाटलं, माझ्याशीच बोलताहेत. कुठे येऊन पडले होते मी!

राहायला त्यांच्याच घरची पुढची खोली मिळाली. जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. पाहुण्यांकडून इथे पैसे घेत नाहीत. जाताना फळं न्या, मूर्तिजापुरात संत्री चांगली मिळतात.

पुढचे दोन दिवस काम भराभर झालं. मेलेल्या माणसांच्या नाकाडोळ्यांत रंग भरताना मी चक्क त्यांच्याशी बोलू लागले. जरा मान सरळ करा काका, वगैरे. कबूतरं काढताना कधी आला नव्हता असा आनंद येत होता, आणि त्याच आनंदाची थोडी भीतीही वाटत होती. वळून बाकांकडे पाहिलं की वाटायचं, खरी मंडळी माझ्या पाठीमागे आहे आणि रिकामे आहोत ते आपण.

शेवटच्या दुपारी खिडकीजवळचा एक चेहरा उरला होता. त्याच्याखाली फोटो नव्हता. कान शिल्लक होता, कपाळावरच्या केसांची रेघ होती, मधला चुना खरवडल्यासारखा उडालेला. ओलीनेच उडाला असणार, मी म्हटलं. घरचं कुणी उरलं नसेल म्हणून फोटो नसेल. पाळकसाहेब अमरावतीला गेले होते, पाळकबाई घरी कामात, विचारणार कुणाला? असह्य उकडत होतं. मी खिडकी उघडली आणि सुरुवात केली.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. लहान मुलाचा हात धरून आपण अक्षर गिरवायला लावतो ना, तसा माझा हात चालला होता. काय काढायचं याचा विचारच करावा लागला नाही. गाल, दाढी, दाढीत पांढरं. डोळे काढले तेव्हा समोर नाव घ्यायला कुणी नव्हतं, हेसुद्धा ध्यानात आलं नाही. मागे सरून पाहिलं. भिंतीवरून टपरीवरचा माणूस माझ्याकडे बघत होता.

मागे दारात भांडं पडल्याचा आवाज झाला. मार्थाबाई उभ्या होत्या. रोज दुपारी चर्च झाडायला येणाऱ्या, न बोलणाऱ्या बाई. एवढंच मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं. पाण्याची कळशी त्यांच्या पायाशी कलंडली होती.

“काहून काढला त्याले?” त्या म्हणाल्या. “मी याच हातानं खरडला होता ना!”

पाळकबाई धावत आल्या, आणि मग मला सगळं कळलं. मार्थाबाईंचा मुलगा दानिएल, एकुलता एक. मिसरूड फुटायच्या वयात घरातून निघून गेला तो आलाच नाही. बरीच वर्षं वाट पाहून मंडळीने ठरवलं की तो वारला असं धरावं, आणि एका ईस्टरला त्याला भिंतीवर काढलं. मार्थाबाईंनी त्याच आठवड्यात तो चेहरा खुरप्याने खरवडून काढला. तेव्हापासून त्या जागेबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मलाही कुणी सांगितलं नव्हतं. जिवंत म्हणून जपलेल्या पोराला मी आईदेखत पुन्हा मारलं होतं. मला रडू आलं. “आत्ता पुसते,” म्हणत मी खांद्यावरची चिंधी ओढली.

“थांब.” मार्थाबाई भिंतीपाशी गेल्या. कितीतरी वेळ त्या चेहऱ्यावर नजर फिरवत राहिल्या. “त्यायनं काढला होता तो पोरगा होता. दाढी नोती त्याले. हे पांढरे केस तू कुठून आनले?”

मी टपरीवरच्या माणसाचं सांगितलं. चहाचं, खिडकीचं.

“च्या पिला त्यानं?”

“हो.”

“तुह्या डोयानं पाह्यलं?”

“हो.”

त्या पाळकबाईंकडे वळल्या. आवाज अगदी शांत होता. “मेलेला मानूस म्हातारा होते का, सांग बरं?”

पाळकबाई वाकून कलंडलेली कळशी उचलू लागल्या.

“पुसू नको,” मार्थाबाई मला म्हणाल्या. “त्याचा झगा उतरव फक्त. तो या लोकायच्यातला नाई. आंगात काय होतं त्याच्या?”

माझ्या लक्षात चेहराच राहतो, हे तुम्हाला वर सांगितलंच आहे. पण त्या बाईंच्या तोंडाकडे बघून “आठवत नाही” म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि नवल म्हणजे आठवलंही. “निळ्या चौकटीचा शर्ट. कॉलरची गुंडी तुटलेली.”

“असा नोता त्याच्यापाशी,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “कोनं तरी घेऊन देल्ला असन. कोनी तरी हाय मंग त्याले.” आणि त्या पहिल्यांदाच हसल्या.

ऊन उतरेपर्यंत मी झग्यावर शर्ट चढवला. पाळकसाहेब परतले, भिंत पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. जिवंत माणूस स्वर्गात कसा बसवायचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. मार्थाबाई म्हणाल्या, “बसू द्या जी. उपासना झाली की जाईन तो घरी.” त्यावर त्यांनी कपाळावरचा हात काढला. सकाळी मी निघाले. मूर्तिजापूरला टपरी बंद होती.

नाशिकला आल्यावर पिशवी उपसली आणि रंगाने भरलेल्या चिंध्या धुवायला काढल्या. सगळ्यांत मोठी चिंधी उलगडली. माझ्या भावाचा जुना शर्ट. निळ्या चौकटीचा. कॉलरला गुंडी नाही. ते तीनही दिवस तो माझ्या खांद्यावर होता. मी न्हाणीघरातच खाली बसले. शर्ट जर मी इथून उचलला, तर तो चेहरा कुठून उचलला? टपरीवरचा माणूस आठवायला जावं तर आता भिंतीवरचाच दिसतो, खऱ्याचा काही पत्ता लागत नाही.

रविवारी पाळकबाईंच्या फोनवरून मार्थाबाई बोलल्या. मूर्तिजापूरला जाऊन आल्या होत्या. टपरीवाल्याने सांगितलं, निळ्या चौकटीच्या शर्टवाला येतो अधूनमधून. “गुंडी तुटली हाय म्हन्ते ना तू? मी सुई-दोरा संगं घेऊनच जाऊन राहिली आता.” तसले शर्ट मूर्तिजापुरात कितीतरी जण घालत असतील. मी फोन कानाला लावून उभी राहिले, शर्ट खरा कुठून आला ते सांगायला तोंड उघडलं, आणि “जपून जा” एवढंच म्हणाले. त्यानंतर ऑफिसात बसल्याबसल्या, कुठलाही कार्यक्रम छापायचा नसताना, मी बऱ्याच काळाने देवाला हाक मारली. बोलण्यासारखं काही नव्हतं. फक्त, तो माणूस खरा असू दे.

म्हणून तुम्हाला एक विनंती. वऱ्हाडात गेलात तर मूर्तिजापूरला उतरा, कढी घालून आलूबोंडा खा. बाकावर शेजारी दाढीत पांढरे केस असलेला कुणी चहा पीत असेल तर त्याला सांगा, तुझी आई वाट बघतेय, रुळांच्या बाजूने सरळ घरी जा. शर्ट निळा नसला तरी सांगा.