आबांचे शहाण्णव तास

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर मी पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म भरून देतो. फॉर्म ऑनलाइन निघून जातात, किस्से मात्र माझ्याकडेच साठत राहतात. त्यातला तळेगाव ढमढेऱ्याच्या आबांचा सांगायला मी हसत सुरुवात करतो आणि मध्येच हसणं विसरतो.

०००

आबा आणि आक्का लेकीच्या बाळंतपणाला सिडनीला निघाले होते. तिकडचा व्हिसा हातात होता. येताना वाटेत सिंगापूर, आणि सिंगापुरात मुलगा. त्यानं सहा वर्षांपूर्वी तिकडे परस्पर लग्न केलं, तेव्हापासून आबा त्याच्याशी बोलत नव्हते. नातू आक्कांनी फक्त मोबाइलवर पाहिलेला.

मी समजावलं, "टुरिस्ट व्हिसा काढला तर महिनाभर राहता येईल, पण मुलाचं पत्र लागेल. ट्रान्झिटला, म्हणजे वाटेत थांबायला, वेगळा व्हिसा नको; ऑस्ट्रेलियाचा आहेच. पुढचं तिकीट दाखवायचं, शहाण्णव तासांत निघायचं. आत सोडायचं की नाही, ते तिथला साहेब ठरवणार."

"महिन्याचा काढ बाबा," आक्का हळूच म्हणाल्या.

"त्याच्याकडं कागुद मागायचा? मी?" आबा उठलेच. "बिनव्हिसाचं कर. ही भेटंल पोराला, मी इमानतळावं बसतो."

"आन् साहेबानं सोडलं न्हाई तर?" आक्कांनी विचारलं. आबा तोवर रस्त्यावर पोचले होते.

०००

आमच्याकडे प्रवासाचा दिवस चांगला नसला, की आधीच्या चांगल्या दिवशी एक पिशवी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात. त्याला पस्तान म्हणतात. पिशवी घराबाहेर पडली म्हणजे माणूस निघाला, अशी समजूत.

आबांनी शेजारच्या सोपानमामांकडे पस्तान ठेवलं. मुंबईला न्यायची गाडी दारात आली तेव्हा कळलं, की दोघांचे पासपोर्ट त्याच पिशवीत, आणि सोपानमामा घराला कुलूप लावून दौंडच्या बाजाराला गेलेले!

मी निरोप द्यायला गेलो होतो. म्हटलं, "कुलूप तोडू."

"दुसऱ्याच्या घराचं? येडा हायस का?" आबा ओरडले.

दौंडहून मामा किल्ली घेऊन निघाले, इकडून मी मोटारसायकल काढली. न्हावऱ्याच्या चौकात किल्ली घेतली आणि तसाच माघारी फिरलो. विमान मिळालं ते नशीब.

०००

अडीच महिन्यांनी दुपारी आक्कांचा फोन आला, सिंगापूरच्या विमानतळावरून. "बाबा, हे साहेबाच्या खिडकीम्होरल्या बाकड्यावरनं उठंनात. दोघांचं पासपोर्ट ह्यांच्या बंडीच्या खिशात हायेत. पोरगं बाहेर दोन तास उभंय."

मागून आबा म्हणाले, "त्याला सांग, मी त्याचा उंबरा वलांडणार न्हाई."

आबांशी मी कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो. "आबा, तिथं तास मोजून मिळालेत. आक्कांचा पासपोर्ट तरी त्यांच्या हातात द्या."

पलीकडे विमानांची घोषणा ऐकू आली आणि फोन कट झाला. पुढचे चार दिवस फोन लागला नाही. मला जेवण गोड लागेना. टुरिस्ट व्हिसाचा हट्ट मीच धरायला हवा होता, असं सारखं वाटायचं.

०००

सहाव्या दिवशी आबा ऑफिसात हजर. खुर्ची ओढून बसले. काय झालं ते विचारायची माझी छाती झाली नाही.

"टुरिस्टचा फॉर्म भर. महिन्याचा."

"मुलाचं पत्र लागेल, आबा."

"यील."

"आणि फोटो? तुमच्या पिशवीत होते ना जास्तीचे? पिशवी आणली नाही?"

"न्हाई. पोराच्या घरी ठिवून आलोय," आबा म्हणाले. "दिस चांगला व्हता."