तिर्कीने घेतलेली बदली

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तर काश्मीरमध्ये, नियंत्रण रेषेवरच्या एका पोस्टवर होती. पोस्टचं नाव लिहीत नाही. एक कडा, त्यावर चार बंकर, पुढे संतरीला उभं राहायला दगड रचून केलेला एक मोर्चा आणि खाली नाला, एवढंच ते होतं. मी हवालदार नामदेव भोयर, सेक्शन कमांडर, राहणार दिघोरी, नागपूर. नागपूरच्या माणसाला मे महिन्यातलं ऊन पचतं. तिथली थंडी मात्र मला शेवटपर्यंत पचली नाही.

रूटीन ठरलेलं होतं. उजाडायच्या आधी स्टँड टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन आपापल्या जागी. मग चहा, हत्यार सफाई, पाणी आणणं. हवा बरी असेल तर खालून खेचर राशन घेऊन यायचं. त्या खेचराचं नाव राणी. पोस्टवर तिच्याइतका मान कंपनी कमांडरलाही नव्हता.

आणि चोवीस तास संतरी ड्यूटी. नागपुरात 'बदली झाली' म्हटलं की लोक विचारतात, कुठे, गडचिरोलीला का? आमच्याकडे बदली म्हणजे मोर्च्यातल्या संतरीला मोकळं करायला आलेला दुसरा जवान. नव्या पोरांना मी बदलीचे दोन नियम पाठ करायला लावायचो. पहिला, बदली आल्याशिवाय मोर्चा सोडायचा नाही. दुसरा, बदली आली की मोर्च्यात थांबायचं नाही. पहिला नियम सगळ्यांच्या लक्षात राहतो. दुसरा सांगावा लागतो, कारण जवान बदलीवाल्याशी गप्पा मारत उभा राहतो. एका मोर्च्यात दोन माणसं, म्हणजे एका गोळ्यात दोन जातात. हे मी इतक्या वेळा बोललो होतो की पोरं माझी नक्कल करायची.

सगळ्यात चांगली नक्कल लान्स नायक अनुग्रह तिर्कीची. तो झारखंडचा, सिमडेगाकडच्या एका खेड्यातला. आमची पलटण सगळ्या जातीधर्मांची, पण पोस्टवर ख्रिस्ती तो एकटाच. रविवारी मंदिर परेडला तो आमच्याबरोबर यायचा, घंटाही वाजवायचा, प्रसाद तर सगळ्यांत जास्त खायचा. फौजेत ज्याचा सण, त्याच्या सणाला सगळी पोस्ट. त्यामुळे नाताळला आम्ही सुजीचा हलवा थाळीत थापून त्याचा केक केला आणि सुभेदार साहेबांनी त्याला सांगितलं की आज पूजा तू घे. तिर्की लाजला. मग उभा राहिला, डोळे मिटले आणि आमच्या प्रत्येकाचं नाव घेऊन देवाशी बोलला. सुरुवात माझ्यापासून, शेवट राणी खेचरावर. राणीचं नाव आलं तसे सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या आईनंतर माझं नाव घेऊन कोणी देवाकडे काही मागितलं नव्हतं.

फेब्रुवारीत माणसं कमी होती, अर्धी सुट्टीवर. सेक्शन कमांडरलाही मोर्च्यात उभं राहावं लागायचं. त्या दिवशी पहाटेची ड्यूटी माझी होती आणि अंगात ताप होता. मी कोणाला सांगितलं नाही. उजाडत आलं तेव्हा तिर्की मोर्च्यात आला. त्याच्या ड्यूटीला अजून अवकाश होता.

"उस्ताद, बदली," तो म्हणाला.

मी म्हटलं, तुझी वेळ झाली नाही, परत जा. त्याने माझ्या कपाळाला हात लावला. हवालदाराच्या कपाळाला लान्स नायक हात लावत नाही, पण त्याने लावला. मग माझाच आवाज काढून म्हणाला, "बदली आ गई तो आदमी मोर्चे में रुकता नहीं. एक गोले में दो जाते हैं."

मी ड्यूटी सोपवली आणि निघालो. बंकरमध्ये येऊन एक बूट काढला. दुसऱ्या बुटाची लेस सोडत होतो तेव्हा समोरच्या डोंगरावरून पहिला गोळा आला. तो मोर्च्यावरच पडला.

एका पायात बूट घालून मी कमांड बंकरमध्ये पोहोचलो. ऑपरेटर नवा होता. त्याच्यासमोर ड्यूटीचा चार्ट होता आणि चार्टवर त्या वेळेसमोर माझं नाव होतं. तो वायरलेस सेटवर बोलत होता.

"फॉरवर्ड मोर्चा हिट. एक कॅज्युअल्टी. हवालदार भोयर. ओव्हर."

माझ्या मृत्यूची खबर मी माझ्या कानांनी ऐकली. खालच्या मुख्यालयातून विचारणा झाली, नाव कन्फर्म करा. मी ऑपरेटरच्या हातातून सेट घेतला.

"करेक्शन. भोयर नहीं. लान्स नायक तिर्की. ओव्हर."

"कौन बोल रहा है?"

"भोयर."

खरखर. मग "रॉजर. आउट."

तिरंग्यातल्या तिर्कीला घरी मीच पोहोचवलं. त्याच्या आईने मला काही विचारलं नाही. भात वाढला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढे मी रिटायर झालो आणि बुटीबोरीला एका कापडाच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. इथून माझं बिघडलं. खरं म्हणजे आधीच बिघडलेलं होतं, इथे ते दिसायला लागलं. संध्याकाळी शिफ्ट बदलायची, माझा बदलीवाला यायचा आणि मी त्याला परत पाठवायचो. जा, झोप, मी आहे. तो बिचारा आधी खूश व्हायचा, नंतर घाबरायला लागला. मी गेटवर उभाच. घरी आलो तरी अंगणात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचो. मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घेतल्या की दिवसा बरं वाटायचं. पण पलंगावर पाठ टेकली की कानात तेच, 'एक कॅज्युअल्टी, हवालदार भोयर'. माझ्या जागी दुसरा गेला, तर मला झोपायचा काय अधिकार, असं माझं गणित होतं. ते गणित मी कोणाला सांगितलं नाही. सुनंदालाही नाही.

सुनंदा माझी बायको. फौजीची बायको म्हणून तिने अर्धं आयुष्य वाट बघण्यात काढलं आणि नवरा घरी आला तरी वाट बघणं संपलं नाही. ती भांडली नाही. एका सकाळी बॅग भरली आणि अंगणात माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"अवो, मी कुहीले चालली भावाकडे. तुमची ड्यूटी सरली की मले बोलवा."

मी तिला बस स्टँडवर सोडलं आणि तिथून थेट कारखान्यात गेलो. तिने मागे वळून पाहिलं का, हे मला माहीत नाही, कारण मी पाहिलं नाही.

एप्रिलात मी सामान आणायला कामठीला फौजेच्या कॅन्टीनमध्ये गेलो. कॅन्टीन बंद. गेटवरच्या जवानाने माझ्याकडे कीव करून पाहिलं आणि म्हणाला, गुड फ्रायडे आहे साहेब, सुट्टी. इतकी वर्षं फौजेची सुट्ट्यांची यादी पाठ असलेला माणूस मी, आणि हे विसरलो. दुपारचं ऊन असं की डांबर बुटांना चिकटत होतं. परतीच्या ऑटोला वेळ होता. छावणीतल्या जुन्या चर्चच्या व्हरांड्यात पाण्याचे माठ मांडलेले दिसले. मी पाणी प्यायलो आणि आतून थंड हवा आली म्हणून मागच्या बाकावर बसलो. देवाधर्माचा विचार डोक्यात नव्हता, सावलीचा होता.

पुढे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, बोलत होते. वयस्क, बारीक अंगाचे, आवाज मात्र परेड ग्राउंडचा. ते क्रूसावरच्या मरणाबद्दल सांगत होते आणि मध्येच म्हणाले, तो तुमच्या बदली मेला.

मला तो शब्द सहन झाला नाही. मी उठून बाहेर आलो आणि माठापाशी उभा राहिलो. पाण्यासाठी पेला उचलला. तो हातातून निसटला आणि ठण्णकन वाजला.

उपासना संपली, लोक गेले, मी तिथेच. पाळक आले, पेला उचलून धुतला, पाणी भरून माझ्या हातात दिला. मी फौजी आहे हे त्यांनी माझ्या बुटांवरून ओळखलं. म्हणाले, "भाऊ, काहून उठून गेले?"

मी सहसा अनोळखी माणसाशी बोलत नाही. त्या दिवशी बोललो. पोस्ट, ताप, तिर्की, सेट, करेक्शन, सगळं रिपोर्ट द्यावा तसं क्रमाने सांगितलं. दोन नियमही सांगितले. शेवटी म्हटलं, तुम्हाला बदली मरणं ही आनंदाची बातमी वाटते, पण ज्याच्या बदली कोणी मेलं त्याला विचारा, त्याचं काय होतं ते.

ते शेजारी बाकावर बसले. मग सांगितलं की त्यांचे वडील नागपूरच्या कापड गिरणीत बदली कामगार होते. रोज पहाटे फाटकाशी उभे राहायचे, कोणी आलं नाही तर त्याच्या सांच्यावर, म्हणजे मागावर, जायचे. एकदा एक कामगार आजारी असून आला, वडील त्याच्या जागी लागले, तरी तो घरी जाईना. तिथेच सांच्याशी घुटमळत राहिला आणि जॉबरने, म्हणजे मुकादमाने, दोघांना झापलं.

"एका सांच्यावर दोन माणसं नाही चालत, हवालदार साहेब," ते म्हणाले. "तुमचा दुसरा नियम काय हाय म्हणता?"

मी पुन्हा सांगितला. बदली आली की मोर्च्यात थांबायचं नाही.

"मंग तुम्ही काहून थांबून राहिले?"

 शेकडो पोरांकडून जो नियम मी पाठ करून घेतला, तो मीच इतकी वर्षं मोडत होतो. तिर्कीने मला मोर्च्यातून बाहेर काढलं आणि मी मनाने परत जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो होतो. त्याची बदली मी स्वीकारलीच नव्हती.

पाळक म्हणाले, "तिर्कीनं तुमची एक ड्यूटी घेतली. माणसाले जेवढं जमते तेवढं त्यानं केलं. मी ज्याच्याबद्दल सांगून राहिलो ना, त्यानं तुमच्या अख्ख्या जिंदगीची बदली घेतली. तुम्ही फक्त बाजूले व्हा." आणि जाता जाता म्हणाले, डॉक्टरच्या गोळ्या बंद करू नका, देव डॉक्टरवर रुसत नाही.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी रडलो. पलटणीत, तिर्कीच्या कबरीवर, कुठेच रडलो नव्हतो. इथे शर्टाची बाही भिजेपर्यंत रडलो आणि मला लाज वाटली नाही.

एका दुपारीत माणूस बरा होत नाही. मी दर रविवारी कामठीला जाऊ लागलो. मागच्याच बाकावर बसायचो. प्रार्थना कशी करायची ते मला येत नव्हतं, म्हणून मनात एकच वाक्य म्हणायचो: साहेब, ड्यूटी सोपवली. काही दिवस फक्त म्हणायचो. मग एके संध्याकाळी कारखान्यात बदलीवाला आला, सवयीने मला म्हणाला, "मी जाऊ का?" आणि मी त्याला चाव्या दिल्या. तो चाव्यांकडे बघतच राहिला. मी बस पकडून घरी आलो, अंगणातली खुर्ची आत घेतली, पलंगावर पाठ टेकली आणि झोपलो. कानात काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने दार ठोठावून उठवलं.

मी कुहीला फोन केला. सुनंदानेच उचलला.

"ये," मी म्हटलं. "बदली आली."

तिला यातलं काही समजलं नसणार. ती दुपारच्या बसने आली.

पुढे मी बाप्तिस्मा घेतला. माझा भाऊ वर्षभर बोलला नाही, आता बोलतो. सुनंदाचा देव्हारा घरात आहे तसाच आहे. तिने मला एवढंच विचारलं होतं की यानं तुम्हाला बरं वाटतं का. मी हो म्हटलं. मग जा, म्हणाली, पण येताना कोथिंबीर आणा.

गेल्या नोव्हेंबरात, तिर्कीच्या लोकांत मृतांसाठी मेणबत्त्या लावतात त्या दिवशी, आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईला आता कमी दिसतं. तिने माझा चेहरा हातांनी चाचपला, भात वाढला आणि मी जेवेपर्यंत समोर बसली. या वेळी मी पोटभर जेवलो आणि वर मागून घेतलं. तेव्हा ती हसली.

संध्याकाळी कबरीवर सगळं गाव होतं. सुनंदाने मेणबत्ती लावली आणि वाऱ्याला हात आडवा धरून बसली. आई मला म्हणाली, "बेटा, तू बोल." मला एकच पद्धत माहीत होती, त्याचीच. मी डोळे मिटले आणि पोस्टवरच्या प्रत्येकाचं नाव घेतलं. सुभेदार साहेब. तो नवा ऑपरेटर. राणी खेचर. मग सुनंदा, मग ही आई. शेवटी लान्स नायक अनुग्रह तिर्कीचं नाव घेतलं आणि त्यानंतर माझं. दोन्ही नावं आपापल्या जागी होती. करेक्शन करावं लागलं नाही.