मांजरीचं दूध तोडलं ते दिवस

लग्न होऊन मी कृष्णाकाठच्या त्या गावात आले तेव्हा घरात माणसं दोनच होती, मामंजी आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. नवरा लग्नानंतर अठरा दिवस घरी राहिला आणि पल्टणीत परत गेला. लढाई चालू होती. तो नेमका कुठं आहे हे त्याच्या पत्रावरूनही कळायचं नाही. माझं माहेर जतकडचं. तिकडं मेंढरं, ज्वारी आणि कोरडं वारं. इकडं परसाच्या भिंतीला लागून ऊस. मी सतरा वर्षांची होते, मराठी चौथी शिकलेली, आणि या घरात कुणाशी किती बोलायचं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मामंजी आधीच्या लढाईत जाऊन आलेले. पेन्शन घेऊन घरी बसले होते, पण बसणं ताठ, चालणं ताठ. सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहून बोलायची रीत नव्हती. मी स्वयंपाकघराच्या चौकटीआडून बोलायची आणि मामंजी भिंतीकडं बघून बोलल्यासारखं बोलायचे. "पाणी लागंल," असं म्हणायचे. ते मला म्हणतायत हे पहिले काही दिवस मला कळायचंच नाही.

घरात एक मांजर होती, पांढरी, पाठीवर काळे ठिपके असलेली. कणगीतल्या धान्याला उंदीर फार, म्हणून पाळलेली. तिच्या आधीची कुत्र्यांनी फाडली होती. त्यामुळं हिला दिवेलागणीला आत घ्यायचं आणि दाराला अडसर घालायचा, तो सकाळीच काढायचा. तसंही त्या वर्षांत आमच्या भागात अंधार पडल्यावर कुणी दार उघडत नव्हतं. भूमिगत पोरं रानातून फिरायची, त्यांच्या मागावर पोलीस. दार वाजलं, कुत्री भुंकली, की सकाळी चौकशी.

मांजरीच्या सोयीसाठी सोप्याच्या कोपऱ्यात, मामंजी झोपायचे तिथून चार हातांवर, एक लाकडी खोकं होतं. त्यात चुलीतली राख. ती राख उकिरड्यावर टाकून नवी भरायचं काम माझं. सुरुवातीला चार-पाच दिवसांनी एकदा बदलली तरी चालायचं. उन्हाळा लागला तशी रोज सकाळी राख चिंब भिजलेली दिसू लागली. नुसती ओली नाही, भिंत लिंपायला कालवलेल्या मातीसारखी. मी खोकं उचलायला गेले तर उचलेना.

एवढीशी मांजर. एवढं पाणी तिच्यातून येतं कुठून, हे मला समजेना.

शेजारी एक आत्या राहायच्या, नात्याच्या नव्हत्या, पण सगळं गाव त्यांना आत्याच म्हणायचं. त्यांनी खोक्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "काय खायाला घालतीस गं तिला?"

"सकाळी दूध-भाकरी, सांजच्याला दूध-भाकरी."

"मग? लय दूध झालं. दूध म्हंजी पाणीच की. तोड दूध."

मी दूध तोडलं. सकाळी थोडं, संध्याकाळी नुसती कोरडी भाकरी कुस्करून. मांजर भाकरीजवळ यायची, वास घ्यायची आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायची. सकाळी राख तशीच. मग मी सकाळचंही दूध बंद केलं. पाण्याची वाटी संध्याकाळी उचलून ठेवू लागले. राख तशीच.

आमच्याकडं मेंढरू आजारी पडलं की वडील दिवसभर त्याच्यामागं फिरायचे, काय खातं, कुठं बसतं, काय टाकतं ते बघायचे. मीही एक दिवस तेच केलं. हातातलं काम हातात ठेवून मांजरीवर डोळा ठेवला. ती सकाळी परसात गेली, माती उकरली, बसली, माती ओढली. दुपारी गोठ्यातल्या दगडी कुंडीतलं पाणी प्यायली. कलत्या उन्हात परत एकदा परसात. दिवसभरात दोनदा. म्हणजे दिवसा ठणठणीत आणि दार लागलं की आजारी? असला कुठला आजार?

आत्या म्हणाल्या, "नजर लागली आसंल." मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. काही झालं नाही, घरभर ठसका तेवढा झाला. मामंजी सोप्यावर खोकत होते, पण कशासाठी म्हणून विचारलं नाही.

मग मुंग्या आल्या. एके सकाळी खोक्याच्या एका कडेनं काळ्या मुंग्यांची रांग चढत होती आणि ओल्या राखेवर त्या दाटीनं बसल्या होत्या. आत्यांना दाखवलं तर त्या हसल्या. "गूळ खाती काय गं तुजी मांजर?"

त्या थट्टेनं बोलल्या, पण माझ्या डोक्यात ते बसलं. कारण गुळाचं मडकं खरंच खाली जात होतं. मी झाकण नीट लावलेलं असायचं, सकाळी ते तिरकं असायचं. घरात मी, मामंजी आणि मांजर. मामंजी चोरून गूळ खातील हे माझ्या मनात यायला जागाच नव्हती. त्यांना हवा असला तर ते ताटावर मागायचे आणि मी वाढायची, अलीकडं तर रोजच. राहिली मांजर. मी गुळाचा खडा तिच्यापुढं ठेवला. तिनं हुंगला, मान फिरवली आणि आपला पाय चाटत बसली. मी खडा दुधात भिजवून ठेवला. तिनं दूध तेवढं चाटलं, खडा तसाच. आठ दिवसांत मिळालेलं पहिलं दूध होतं ते. माझ्यापुढं हे ढोंग करते आणि माझ्यामागं खाते, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आता हे लिहिताना मला दिसतं की बाकीचंही सगळं माझ्यासमोरच होतं. मामंजींचा तांब्या मी दिवसातून सहा-सात वेळा भरत होते. उन्हाळा आहे, लागतं पाणी, असं वाटायचं. त्यांचा कोट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता. चार भाकऱ्या खाऊन ते पाचवी मागत होते आणि तरी गालफडं बसत चालली होती. पण मी त्यांच्याकडं कधी नीट मान वर करून बघितलेलंच नव्हतं. मी मांजरीकडं बघत होते.

एकदा मांजर संध्याकाळी घरी आलीच नाही. भुकेनं आत्यांच्या घरी गेली आणि त्यांच्या चुलीशेजारी झोपली. सकाळी आत्यांनीच आणून दिली. मी खोकं बघितलं. राख भिजलेली. मी कितीतरी वेळ त्या खोक्यापुढं बसून राहिले. मग मला सुचलं, कौलं सरकवून रात्री येऊन गेली असेल. आत्यांना सांगितलं तर त्याही म्हणाल्या, "व्हय, मांजराची जात, काय सांगावं." आम्हा दोघींना ते पटलं.

मग आत्यांनीच उपाय सुचवला. बाजाराच्या दिवशी त्यांची गाडी नदीपलीकडं जायची. मांजर पोत्यात घालून पलीकडं सोडायची. पाणी ओलांडून मांजर परत येत नाही. मी आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर चौकटीआडून सांगितलं, "मामंजी, मांजर उद्या पलीकडं धाडते. तिला रोग हाय काईतरी."

ते काही बोलले नाहीत. मी ते नेहमीचंच समजले.

सकाळी मी मांजर पोत्यात घातली. ती वाळली होती, तिनं फारशी झटापटही केली नाही. पोत्याचं तोंड बांधत होते तेवढ्यात मामंजी सोप्यावरून उठून अंगणात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. इतक्या जवळ ते कधी आले नव्हते. मी पदर पुढं ओढला.

"पोरी, सोड तिला."

मी पोतं धरून तशीच उभी.

"तिची काई चूक न्हाई. ती न्हाई. मी हाय."

मला वाटलं, मी आहे, मी बघतो तिचं, असं ते म्हणतायत. मी म्हटलं, "तुमी कशाला त्रास घेता? राख मीच टाकीन की."

त्यांनी दुसरीकडं बघितलं. बैलाच्या दावणीकडं. मग हळू आवाजात म्हणाले, "राख मी भिजवतो. रातीत सा-सा डाव उठावं लागतंय. अडसर काडला की तू जागी हुनार, कुत्री उठनार. म्हाताऱ्याला काय झालं म्हनून गाव इचारनार. म्हनून..."

पोत्यात मांजर हलली तेव्हा मी भानावर आले आणि गाठ सोडली. ती बाहेर पडून थेट गोठ्याकडं पळाली. मामंजी आत गेले. आत्यांची गाडी दारात येऊन थांबली. त्यांना मी काय सांगितलं ते आता आठवत नाही, काहीतरी खोटंच सांगितलं असेन.

दोन दिवस ते घरी जेवले नाहीत. मळ्यात भाकरी मागवली. माझंही काही ठीक नव्हतं. मांजरीला उपाशी मारल्याची लाज, त्यांना माझ्यासमोर हे बोलावं लागल्याची लाज आणि त्यातून एक प्रकारचा रागही होता, कुणावर ते सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी कुंभाराकडून एक रुंद तोंडाचं मडकं आणलं, त्यावर झाकणी ठेवली आणि दिवेलागणीला त्यांच्या अंथरुणाच्या पायथ्याशी सरकवून ठेवलं. ते बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवायला बसले.

खोक्यातली राख कोरडी झाली. मुंग्या मात्र त्या नव्या मडक्याकडं वळल्या. म्हातारपणी असं होतच असेल अशी मी समजूत घातली होती, पण मुंग्यांचं काही कळेना. शेवटी आत्यांना सगळं सांगितलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. "माज्या चुलत्याला असंच व्हतं," त्या म्हणाल्या. "गोड लघवीचा रोग. सांगलीला ने त्यांना. आजच्या आज."

आजच्या आज जमलं नाही, दोन दिवसांनी गेलो. तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी कोळशावर चालायच्या, मागं भट्टी लावलेली. चढ आला की माणसं उतरून चालायची. मामंजी पुढं पुरुषांत बसले, मी मागं बायांत. तासाभरानं त्यांची मान खाली जाऊ लागली. हाताची मूठ पुढच्या दांडीवर आवळलेली दिसत होती. मला उमगलं. ते कुणाला सांगणार नाहीत हेही उमगलं.

मी उभी राहिले आणि ओरडले, "आवं, मोटार थांबवा!"

सगळी मोटार वळून माझ्याकडं बघायला लागली. ड्रायव्हरनं विचारलं, "काय झालं बाई?"

"मला मळमळतंय," मी म्हटलं.

मोटार थांबली. मी खाली उतरून उगीच झाडाखाली जाऊन उभी राहिले. मामंजीही उतरले आणि दुसऱ्या बाजूच्या उसाकडं गेले. सांगली येईपर्यंत मला आणखी एकदा मळमळलं. एका म्हातारीनं माझ्या हातात चिंचेचा गोळा दिला आणि "कितवा म्हैना गं?" असं विचारलं. मी चिंच तोंडात टाकली.

सांगलीच्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि मग विटेसारखं तांबडं. डॉक्टरांनी नळी मामंजींना दाखवली. गूळ, साखर, भात, रताळं बंद, डॉक्टर म्हणाले. भाकरी मोजून, मेथी, शेपू, कारलं, ताक. एक सुई असते, पण रोज टोचावी लागते आणि लढाईमुळं ती मिळेलच याची खात्री नाही.

"रोग आहे हे कसं ध्यानात आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी जमिनीकडं बघितलं. मग मामंजी म्हणाले, "सुनंनं वळखलं."

ते खोटं होतं. मी काही ओळखलं नव्हतं. पण तिथं ते खोडून काढायची माझी छाती झाली नाही.

सुई टोचून घ्यायला ते तयार झाले नाहीत. खाणं मात्र पाळलं, गुळाच्या मडक्याचं झाकणही आता सकाळी सरळ असायचं. अधूनमधून मळ्यातल्या गुऱ्हाळावर जाऊन रस पिऊन यायचे, पण घरी आल्यावर स्वतःच सांगायचे, "आज चूक केली." मी दोन दिवस कारलं वाढवायची. असं आम्ही बोलू लागलो. चौकटीआडून नव्हे, समोर बसून. गावातल्या बायकांना ते आवडलं नाही.

मांजरीला दोन्ही वेळचं दूध परत सुरू केलं. ती भरली, तिला पिलंही झाली. पण माझ्या हातून तिनं पुन्हा कधी खाल्लं नाही. वाटी ठेवून मी लांब झाल्यावरच ती पुढं यायची. मामंजींच्या मांडीवर मात्र तासन्‌तास बसायची, आणि आपण उपाशी राहिलो ते माझ्यामुळं की मामंजींमुळं, हा हिशेब तिनं कसा लावला होता हे मला कधीच समजलं नाही.

मामंजी चार वर्षं जगले. लढाई संपून मुलगा घरी आलेला त्यांनी बघितला. मग पायाला खिळा लागला, जखम भरली नाही, आणि त्यातच गेले. ती चार वर्षं खाणं पाळल्यामुळं मिळाली की तेवढीच होती, हे मी पुढं दोन-तीन डॉक्टरांना विचारलं. प्रत्येकानं वेगळं सांगितलं.