जिथं काकू थांबतात

जगात अडाणी माणूस नसतोच, अडाणी असतो तो कागद, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो राहुरीत जळालेल्या पाणमोटारींचं वायंडिंग करतो. आमच्या वडिलांची मोटार वर्षातून दोनदा त्याच्याकडे जायची, म्हणून तो माझा काका. काकाच्या घरातल्या प्रत्येक बटणाखाली नाव रंगवलंय. एकाखाली लिहिलंय, ‘हे कशाचंच न्हाई’. नवी मोटार कशी जोडायची याचा कागद तो स्वतः लिहितो आणि आधी काकूंना वाचायला देतो. जिथं काकू थांबतात, तिथं कागद चुकला! काकू म्हणतात, “मला शॉक बसला की ह्यांचं अक्षर सुधारतं.”

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिली मी चढले, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पण पहिल्याच महिन्यात मी ती उतरणार होते. लॅपटॉपवर प्रोग्रामिंगला लागणारं पायथन बसेना. बसवलं तरी आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत एकच उत्तर, असा प्रोग्राम सापडत नाही. वर्गातली बाकीची पोरं पुढं गेली होती. सोमवारी नाव काढून येते, असं मी घरी सांगून टाकलं आणि वडिलांबरोबर मोटार घेऊन काकाकडं गेले.

“तोंड का पाडलंय?” काकानं विचारलं. मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि कॉलेजातून मिळालेला कागद दाखवला. ‘नेहमीप्रमाणे इन्स्टॉल करा.’

“पहिल्यांदा करणाऱ्याचं ‘नेहमी’ कुठनं येतं गं?” काका भडकलाच. काकाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी काय काय करते ते सांगत गेले, तो तांब्याच्या तारेच्या खोक्यावर मार्करनं लिहीत गेला. मग हाक मारली, “अगं, ये जरा!”

काकू कणकेचे हात पुसत आल्या. काकानं मला दम दिला, “तू गप बसायचं. बोट बी दावायचं न्हाई.” काकू खोक्यावरचं एकेक अक्षर लावत लॅपटॉपवर दाबत गेल्या आणि थांबल्या.

“ही खाली रिकामी चौकट हाय. खूण करू का नको?”

ती चौकट मी सात वेळा बघितली होती. कागदावर नाही म्हणून सोडली होती. खूण केली, आणि काळी खिडकी बोलली. मी सोमवारी कॉलेजला गेले, ती वर्गात बसायला.

पुढं राहात्यापासूनची पोरं काकाच्या दारातल्या बाकड्यावर लॅपटॉप घेऊन बसू लागली. लिहिलेल्या खोक्यांची चळत झाली. मग मला नोकरी लागली, आणि मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. दोनदा टिचकी मारा, सगळं आपोआप बसतं, ती चौकटसुद्धा. काकूंनी तो चालवला. काकानं तीनदा विचारलं, “कुटंच थांबली न्हाईस?” केवढा खूश झाला!

परवा गेले तर बाकडं रिकामं. मार्कर मात्र काकाच्या खिशात होताच.

“काय अडलंय का, पोरी?”

काहीच अडलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडला. “व्हय काका, जरा अडलंय.”

आतून परातीचा आवाज थांबला. काकू हात पुसत बाहेर आल्यासुद्धा.