पुलावरून गेलेलं रुखवत

आमच्या स्टेशनचा पूल फलाटाच्या पार टोकाला होता, आणि कर्ण्यातलं बोलणं कुणालाच कळत नसे. गाडी कुठल्या फलाटावर येणार, हे ती आल्यावरच समजायचं.

बहिणीचं लग्न नाशिकला होतं. घरचे आदल्या दिवशीच गेले होते. रुखवताची ट्रंक घेऊन आई आणि मी मागून निघालो.

"गाडी दिसल्याशिवाय मी जिना चढणार नाही," आई म्हणाली.

"कर्ण्यात दोन नंबर म्हणाले. शिकलेल्या माणसाचं ऐकत जा गं," म्हणत मी ट्रंक डोक्यावर घेऊन दोन नंबरवर गेलो. गाडी आली एक नंबरवर!

पुन्हा जिना. नव्याकोऱ्या बेलबॉटममध्ये पाय अडकत होते. पुलाच्या मध्यावर पोचलो आणि शिट्टी झाली. खाली आई गार्डला पुलाकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. काय, ते तिनं नंतर अख्ख्या मांडवाला ऐकवलं : "अहो भाऊ, ती ट्रंक चालतेय ना, तिच्याखाली माझा मुलगा आहे. लेकीचं रुखवत आहे हो त्यात!"

गार्डनं हिरवा झेंडा खाली घेतला.

गाडी सुटल्यावर आईनं ट्रंक उघडली. एक अनारसा तेवढा मोडला होता. हुश्श करून तिनं तो माझ्या हातावर ठेवला.

"खा, शिकलेल्या माणसा."