उलटी गाडी सरळ करणारे काका

इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत आमचे हे दर शनिवारी रिमोटच्या गाड्यांची रेस खेळतात, त्या ट्रॅकवर एक नागपूरचे काका असतात. उलटलेली गाडी सरळ करायची, तिला "जा बाई" म्हणायचं, एवढंच त्यांचं काम, तेही कंबर धरून हळूहळू. परवा बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि उघडला तर माझी दोन वर्षांची पोर ट्रॅकवर! गाड्या सुसाट, मी नुसतीच किंचाळले. काका दोन पावलं सरकून तिच्यापुढे उभे राहिले, गाडी धाडकन त्यांच्या नडगीवर आदळली. मग मी धावले आणि पोरीवरच हात उगारला.

काकांनी तो धरला. "तिला काहून मारते? भ्याली तर तू आहेस. झोप जराशी, मी पाहतो हिला."

नावही माहीत नाही त्यांचं, पण मी खरंच झोपले.