अंतरपाट आणि भर दुपारचा फ्लॅश

दिल्लीत लग्नं रात्री लागतात. मराठी लग्न मात्र गुरुजींनी काढलेल्या मुहूर्तावर, म्हणजे बऱ्याचदा भर दुपारी लागतं. त्यामुळे इथल्या फोटोग्राफरांना रात्रीची सवय, आणि माझं काम दुपारवर चालतं. इतकी वर्षं दुपारच्या उन्हात काढल्यावर मी ठामपणे सांगते की फ्लॅशची गरज अंधारापेक्षा उन्हात जास्त असते. पटत नसेल तर माध्यान्हीला उघड्या लॉनवर नवरीचा फोटो काढून बघा. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, नाकाखाली सावलीची मिशी, आणि गालांवर मुंडावळ्यांचे काळे पट्टे.

उपाय एकच आहे. कॅमेऱ्यापासून वेगळा, बाजूला, चेहऱ्याच्या जरा वर एक जोरदार फ्लॅश स्टँडवर लावायचा. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश चेहरा पापडासारखा सपाट करतो. बाजूचा फ्लॅश सावली हलकी करतो, पण नाकडोळे जागच्या जागी ठेवतो. अडचण एवढीच, की उन्हापुढे टिकायचं तर तो चेहऱ्याच्या बराच जवळ लागतो. जवळ आणला की तो पाहुण्यांच्या डोळ्यांवर येतो, आणि भांडण सुरू होतं.

गाझियाबादच्या लॉनवरच्या त्या लग्नात तेच झालं. मुलगी दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या सोसायटीतली, रंगाने सावळी. स्थळांना पाठवायचा फोटो तिने एका स्टुडिओत काढला होता. त्यांनी तिला न विचारता एवढी गोरी केली, की मुलाकडचे भेटायला आले तेव्हा दार उघडणाऱ्या तिलाच त्यांनी विचारलं, मुलगी कुठे आहे? लग्न ठरलं, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. लग्नाआधी माझ्याकडे येऊन बसली.

"काकू, मला गोरी बिल्कुल करू नका. आणि उन्हात काढलेल्या फोटोंत मी नुसता काळा धब्बा दिसते, तेही नको यार. अंतरपाट खाली येतो ना, तेव्हाचा फोटो सासरी हॉलमध्ये लावणार आहेत. त्यात मी मीच दिसले पाहिजे."

"दिसशील," मी म्हटलं.

लग्नाच्या दिवशी मी स्टँड लावला, पायावर वजनासाठी तांदळाची पिशवी टाकली, आणि मुलाचे काका आले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी सदनात उतरलेले, डोक्याला फेटा. सकाळपासून लॉनवरची माणसं त्यांच्या हुकमावर धावत होती.

"अहो मॅडम, दिवसाढवळ्या लाइट? एवढं ऊन पडलंय."

"ऊन पडलंय म्हणूनच."

"सोफ्यावर माझे पाहुणे बसलेत. त्यांच्या मधे हा बांबू येतोय."

"सोफा थोडा सरकवू या."

"सोफा सरकणार नाही."

"मग बांबूही सरकणार नाही."

एवढ्यात मामाने नवरीला आणलं, अंतरपाट धरला गेला आणि मंगलाष्टकं सुरू झाली. मी फ्लॅश न लावता एक फोटो काढून उजेड तपासला. काका मागून डोकावलेच. स्क्रीनवर मुलीचा चेहरा छान उजळ आला होता.

"बघा. तुमच्या लाइटशिवाय किती सुंदर आलाय."

"हा उजेड अंतरपाटाचा आहे. पांढऱ्या कापडावर ऊन पडून तिच्या तोंडावर येतंय. कापड खाली आलं की हाही जाईल. आणि तिला फोटो हवाय तो तेव्हाचाच."

"काहीतरीच," असं म्हणून त्यांनी टेंटवाल्याला बोलावलं. "भैया, ये लाइट हटाओ."

मी स्टँडच्या पायावर माझा पाय ठेवला. "भैया, हाथ मत लगाना."

टेंटवाला दोघांकडे आळीपाळीने बघून चहाच्या दिशेने निघून गेला.

"मॅडम, लग्न आमच्या घरचं आहे," काका दातांवर दात ठेवून म्हणाले.

"मग नवरीमागच्या करवलीच्या हातात दिवा आहे, तो आधी विझवा. तोही भर उन्हातच जळतोय."

"तो शकुनाचा आहे."

"हा कामाचा आहे."

सोफ्यावर कुणीतरी हसलं. ते हसू काकांना सोसलं नाही. त्यांनी स्वतः स्टँडला हात घातला आणि खेचला. माझा पाय सुटला, पिशवी कलंडली, दांडा वाकडा झाला.

मंगलाष्टकं चालू असताना नवरीने बोलायचं नसतं. हिने हातातला हार तसाच धरून मान वर केली.

"काका, लाइट राहू द्या. मी लावायला सांगितलाय."

गुरुजी थबकले, घड्याळ पाहिलं, आणि पुढचं 'सावधान' जरा मोठ्याने म्हणाले. काकांनी हात काढला. ते जाऊन नवरीच्या पलीकडे छाती काढून उभे राहिले. स्टँड सरळ करायला वेळ नव्हता. मी फ्लॅश उपसला, डाव्या हातात धरून हात लांब ताणला आणि उजव्या हाताने कॅमेरा डोळ्याला लावला. खांदा भरून आला, येऊ दिला.

अंतरपाट खाली आला. कापडाबरोबर उजेडही गेला, गालांवर पट्टे उमटले, आणि मी बटण दाबलं.

फोटोत ती आहे तेवढीच सावळी आहे. डोळे दिसतात, मुंडावळ्यांचा मोती न् मोती दिसतो, एक अक्षता गालाजवळ हवेत अडकली आहे. कडेला काका आहेत. माझ्या फ्लॅशचा उजेड त्यांच्यापर्यंत पोचला नाही. फेट्याखाली नाक, डोळे, काही नाही, नुसती सावली.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज बराच खाली आला होता.

"मॅडम, फोटो छान आहे. तेवढा माझा चेहरा उजळता आला तर बघा ना. आणि हात लावताच आहात, तर सूनबाईंनाही जरा."

"सूनबाईंनी त्या फोटोला हात लावायचा नाही असं सांगितलंय," मी म्हटलं. "तुम्ही त्यांच्याशी बोला."

ते बोलले असावेत असं मला वाटत नाही. फोटो तसाच हॉलमध्ये लागला. मुलीने त्याखाली उभं राहून काढलेला दुसरा एक फोटो मला मोबाइलवर पाठवला. भिंतीवरची आणि खालची, दोघी एकाच रंगाच्या.